अरण्यातील साधना

मनुष्याच्या उन्नतीचा विचार करताना शरीर आखाड्याकडे, मन शाळेकडे आणि आत्मा मठ-मंदिराकडे सोपवून, जणू ही तीन निरनिराळ्या खात्यांची कामे असावीत अशा रीतीने आपण आयुष्याची वाटणी करून टाकतो. आणि पुढे वय झाल्यावर, या तिन्हींचा मेळ घालून देण्याचे आश्वासन देणाऱ्या शिबिरांकडे धाव घेतो. हा मेळ एखाद्या स्थळाशी आणि एखाद्या कामाशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहिल्यानेच साधतो, अशी माझी दृढ धारणा आहे, आणि तिचा दाखला गोंदिया जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

अर्जुनी-मोरगाव तहसिलीतील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमध्ये पाळ घालून बांधला, असे या मुलखाची परंपरा सांगते. पुढे 1975 साली ज्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला त्या या परिसरात, गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी, म्हणजे हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असतानाच्या काळात, मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत येऊन राहिले. सरकारी अंमलदाराला बदलीच्या हुकमाने मिळालेला मुक्काम त्यांनी विद्यापीठासारखा मानला, आणि गावचे जाणते वनाभ्यासक माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासमोर हुद्दा बाजूला ठेवून शिष्यत्व पत्करले.

पाणपक्ष्यांचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्याला प्रथम देह निश्चल ठेवावा लागतो, श्वास मंद करावा लागतो. मग मनातील घाई आणि काही मिळवण्याची हाव ओसरू लागते. आणि अखेर, समोरच्या जिवाला आपले अस्तित्व जाणवू नये इतके आपणच विरळ होत गेलो की जो अनुभव येतो, त्याला अहंकाराचा क्षय याहून निराळे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही. चितमपल्लींनी पायी अरण्य तुडवीत असतानाच संस्कृतचा व्यासंग केला, हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाला मराठीत आणले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, आणि आपल्या आत्मचरित्राला ‘चकवाचांदण’ हे नाव देऊन त्याखाली ‘एक वनोपनिषद’ असे लिहिले. 2025 साली पद्मश्रीचा बहुमान स्वीकारून त्याच वर्षी ते निवर्तले. परंतु देहाचे श्रम, बुद्धीचा अभ्यास आणि आत्म्याची शांती ही एकाच पायवाटेने चालू शकतात, हे त्यांचे जीवन निःसंशय सिद्ध करून गेले.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे, की पगारदार अधिकाऱ्याला असे चिंतन परवडते. श्रावणातल्या पावसात दिवसभर चिखलात वाकून धानाचे रोवणे करणाऱ्या मजूर स्त्रीला ते कोठून परवडणार? परंतु चितमपल्लींना जे ज्ञान लाभले त्याचा मोठा वाटा गोंड आदिवासी आणि तलावावर जगणारे ढिवर यांच्यापाशीच होता, आणि तो या लोकांना कष्टाच्या ओघातच प्राप्त झाला होता. त्या कष्टकऱ्यांच्या ठायी योग्यता भरपूर आहे. उणीव आहे ती उसंतीची, आणि त्यांच्या जाणतेपणाला समाजाने द्यावयाच्या प्रतिष्ठेची. म्हणून पुरेशी मजुरी आणि विश्रांतीचा हक्क हे विषय केवळ अर्थशास्त्राचे समजणे मला मान्य नाही. ज्याचे अंग दुखण्याने मोडून आले आहे त्याला आत्मचिंतनाचा उपदेश करणे हे अध्यात्माचेच अवमूल्यन होय.

आणि उन्नती व्यक्तीची असली तरी तिचा आधार सार्वजनिक असतो. मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले जिल्ह्यातील तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरून गेले, तर पाणी आणि मासळी यांच्यासह माणसाला स्थिर करणारे ठिकाणही आपण गमावून बसू. तेव्हा या परिसरातील शाळांनी आठवड्यातील एक सकाळ तलावाच्या पाळीवर, गावच्या जाणत्या माणसाच्या सान्निध्यात घालवण्याचा परिपाठ ठेवावा, त्या माणसाला गुरुजनाचा मान आणि योग्य मानधन द्यावे, आणि तलावाच्या दुरुस्तीचा बंदोबस्त ग्रामसभांनी आपल्या धर्मकृत्यांत गणावा. ही साधना जतन करण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.