लाइट गेल्यावर दार कोण उघडणार?

ऑफिसमध्ये कुणी नवा मोबाइल घेतं, कुणी कॉफी मशीन घेतं. मी परवा गॅरेजच्या शटरला मोटर घेतली! डब्याच्या वेळी ही बातमी फुटली आणि पहिला प्रश्न आला, ‘गॅरेज? तुझ्याकडे? पुण्यात?’ बरोबरच आहे म्हणा. आपल्यापैकी बहुतेकांचं पार्किंग म्हणजे सोसायटीच्या खांबावर रंगवलेला फ्लॅट नंबर. तिथे दाराचाच पत्ता नाही, तर दाराची मोटर कुठली!

तर मंडळी, गॅरेज माझं नाही, आई-बाबांचं आहे. भरे गावात. पौड रस्त्याने पिरंगुट गाठायचं, घोटावडे फाट्यावरून आत वळायचं, की मुळशी तालुक्यातलं हे गाव येतं. बाबा रिटायर झाले आणि दोघं कोथरूडचा फ्लॅट विकून तिकडे राहायला गेले. छोटासा बंगला, मागे दोन आंबे आणि पुढे दहा फूट रुंदीचं गॅरेज. त्याला दुकानाला असतं तसं लोखंडी शटर. मुळशीच्या पावसात गाडी कोरडी राहावी म्हणून बाबांनी हौसेने बांधून घेतलेलं.

गेल्या जुलैत रात्री दोनच्या सुमारास आईला दम लागला. तिला अस्थमा आहे, पण एरवी पंप घेतला की बरं वाटतं. त्या रात्री वाटेना. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. बाबा गाडी काढायला गेले, तर शटर गुडघ्यापर्यंत वर आलं आणि तिथेच अडकलं. ७१ वर्षांच्या माणसाने अंधारात एकट्याने जोर लावून लावून खांदा दुखावून घेतला, पण शटर काही हलेना. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली आणि आईला दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन लागला. पहाटेपर्यंत ती सावरली. मला फोन आला सकाळी सात वाजता. ‘तुझी झोप कशाला मोडायची’ म्हणून!

त्या दिवशी मी ऑफिसमध्ये धड एक मेलसुद्धा वाचली नाही. शटरच्या मोटरी बघत बसले. अमुक किलोची, तमुक किलोची, रिमोटवाली, ॲपवाली... जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यातली एक कार्टमध्ये गेलीसुद्धा. आपल्या पिढीचं हे असंच आहे ना? काळजी वाटली की आपण काहीतरी ऑर्डर करून टाकतो. मोठ्या उत्साहात बाबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, पण लाइट नव्हती. तुझी मोटर काय करणार होती?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्ट तशीच राहिली.

संध्याकाळी हे सगळं कॅलिफोर्नियातल्या आतेभावाला सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. तो म्हणाला, ‘आमच्याकडे तर यावर कायदा आहे.’ ऑक्टोबर २०१७मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली आणि गॅरेजची दारं उघडता न आल्याने काही माणसं घरातच अडकून दगावली. खरं तर तिकडच्या ओपनरला एक दोरी लोंबत असते. ती ओढली की मोटर सुटते आणि दार हाताने उघडता येतं. पण ऐन वेळी दोरी आठवत नाही, किंवा दार उचलायची ताकद नसते. त्यानंतर २०१८मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९पासून घरगुती ओपनर बॅटरी बॅकअपसह विकणं सक्तीचं झालं. म्हणजे बाबांनी एका वाक्यात जे विचारलं, तोच प्रश्न तिकडे विधिमंडळात गेला होता.

पुढच्या शनिवारी भऱ्याला गेले आणि शटरचं काम करणाऱ्या एका मामांना बोलावलं. मी मोटरीची यादी पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, ‘ताई, मोटर लावू की. पण आधी शटर बघू द्या.’ शटर अर्ध्यापर्यंत वर केलं, पाय बाजूला घेतले आणि हात सोडला. शटर धाडकन खाली!

‘बघितलंत? स्प्रिंगा गेल्यात.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. शटर आपण उचलत नाही, स्प्रिंग उचलते. वरच्या पेटीत आडवा शाफ्ट असतो, त्यावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की त्यांच्यात ताण भरतो आणि वर ढकलताना तोच ताण आपल्याला हात देतो. आमच्या शटरचं वजन मामांच्या अंदाजाने नव्वदेक किलो. स्प्रिंग चांगली असेल, तर त्यातलं थोडंसंच आपल्या वाट्याला येतं. ती थकली, गंजली, की उरलेलं सगळं वजन खांद्यावर. त्यात बाजूच्या गाइड पट्ट्यांत दहा पावसाळ्यांचा गंज आणि चिखल. बाबांना वाटत होतं, आपलं वय झालं. वय शटरचं झालं होतं!

म्हणून टीप नंबर एक. मोटर बघायच्या आधी दार हाताने उघडून बघा. अर्ध्यावर सोडलं तर ते साधारण तिथेच थांबायला हवं. (हे जाणकार माणसासमोर करा, आणि खाली पाय नको.) थकलेल्या शटरला मोटर लावली, तर तीही बाबांसारखीच जोर लावत राहणार आणि एक दिवस जळणार. आणि हो, व्हिडिओ बघून स्वतः स्प्रिंग खोलायच्या फंदात पडू नका. तो ताण सुटला तर हात मोडतो.

नव्या स्प्रिंगा पडल्या, गाइड साफ झाले, ग्रीस लागलं. बाबांनी एका हाताने शटर वर केलं आणि विजयी चेहऱ्याने बघितलं. ‘झालं! आता कशाला हवी मोटर?’ मी आईकडे बघितलं. आई पुढे आली आणि तिने शटर धरलं. कमरेपर्यंत व्यवस्थित नेलं, पुढे स्प्रिंगांनीच वर ओढून घेतलं. पण वाकून उठताना तिला धाप लागली. लख्ख उन्हात हे, तर रात्री दोन वाजता? रोजच्या वापराला मोटर हवीच, हे बाबांनीही मान्य केलं. फक्त लाइट नसताना ती आडवी येता कामा नये.

इथे निवडीचा खरा प्रश्न आला. घरगुती शटरला मुख्यतः दोन प्रकारच्या मोटरी लागतात. एक बाजूला बसते. तिला हाताने ओढायची साखळी असते. लाइट गेली की साखळी ओढत राहायचं, शटर हळूहळू वर जातं. जोर कमी लागतो, पण वेळ बराच लागतो. दुसरी शाफ्टच्या मधोमध बसते. तिला एक केबल असते. ती ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर नेहमीसारखं हाताने वर ढकलायचं. हे झटपट होतं, मात्र स्प्रिंगा ठणठणीत हव्यात. आमच्या स्प्रिंगा नुकत्याच बदललेल्या, म्हणून आम्ही दुसरी घेतली. जड शटर असेल आणि घाई नसेल, तर साखळीवाली बरी. दोन्हींत एक गोष्ट विसरू नका. साखळी काय, केबल काय, असते आतल्या बाजूला. गॅरेजला दुसरं दार नसेल, तर लाइट गेल्यावर तुम्ही बाहेर आणि केबल आत! आमचं नशीब, स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला दार आहे.

इन्व्हर्टरवर चालेल का, हेही विचारून झालं. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे पंखे-दिवे चालवणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, असं इलेक्ट्रिशियनने बजावलं. मोटरला वेगळा एमसीबी घेतला, अर्थिंग तपासून घेतलं आणि कंट्रोल बॉक्सची भोकं बुजवली. गावाकडे पाली आणि मुंग्यांना अशी उबदार जागा फार आवडते.

सेन्सरवर मात्र मी अडूनच बसले. माझा चार वर्षांचा भाचा उतरत्या शटरखालून पळणं हा खेळ समजतो. अमेरिकेत लहान मुलं गॅरेजच्या दाराखाली सापडून दगावल्यावर, १९९३पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना दारात कुणी आलं तर ओळखणारी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे दुकानदार ती ‘एक्स्ट्रा’ म्हणून सांगतो. एक्स्ट्रा नाही हो! जमिनीपासून वीतभरापेक्षा कमी उंचीवर आमनेसामने दोन डोळे बसतात. मधला किरण तुटला की शटर थांबायला किंवा परत वर जायला हवं. पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचा खोका मध्ये ठेवून बघा. आम्ही बघितलं.

रिमोट घेताना ‘रोलिंग कोड आहे का?’ एवढं विचारा. जुन्या पद्धतीच्या रिमोटचा कोड कायम तोच असतो. २०१५मध्ये सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून, असं स्थिर कोडचं गॅरेज दहा सेकंदांच्या आत उघडता येतं, हे दाखवून दिलं होतं. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक वेळी नवा कोड जातो. आणि ॲप? मी हिंजवडीत बसून भऱ्याचं शटर उघडू शकले असते. पण बाबांनी विचारलं, ‘तू तिथून उघडणार, आणि इथे बघणार कोण?’ ॲप रद्द. भिंतीवर एक जाडजूड बटण आलं. आई-बाबा तेच वापरतात. रिमोट फ्रिजवर पडून असतो.

स्प्रिंगा, मोटर, सेन्सर, वायरिंग, मजुरी... सगळं मिळून माझ्या एका गोवा ट्रिपचे पैसे गेले. गोवा कुठे पळून जात नाही.

मागच्या गुरुवारी मी मुद्दाम सुट्टी टाकून भऱ्याला गेले. देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट जाणार होती, म्हणजे रंगीत तालीमच! आईला म्हटलं, ‘समज, रात्र आहे आणि बाबा घरी नाहीत.’ तिने टॉर्च घेतला, स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरली, केबल ओढली, शटर कमरेपर्यंत नेलं आणि सोडलं. शटर वर! मिनिटसुद्धा लागलं नाही. धापही लागली नाही. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

आई मात्र उघड्या दारात उभी राहून गाडीकडे बघत होती. म्हणाली, ‘दार तर उघडलं. पण त्या रात्री तुझ्या बाबांनाच काही झालं असतं, तर गाडी कुणी काढली असती?’

बाबांचं हसू थांबलं. मी शेजारच्या काकांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून बटणाच्या बाजूला चिकटवला. आईने तो वाचला आणि म्हणाली, ‘हे ठीक आहे. पण पिरंगुटला ड्रायव्हिंग स्कूल असेल ना? सोमवारपासून वेळ विचारून ठेव.’

आई ६६ वर्षांची आहे. मी वेळ विचारलीय. सकाळी साडेसातची मिळालीय.