छपराखालच्या ग्राहकाचा हक्क

निर्धन वस्त्यांतील घरे ऊर्जेच्या दृष्टीने सुधारण्यासाठी सार्वजनिक निधी खर्च करावा, या मागणीविरुद्धचे आक्षेप सुशिक्षितांच्या मनात इतके दृढमूल झाले आहेत की, स्वपक्ष मांडण्यापूर्वी त्यांचा परामर्श घेणे प्राप्तच आहे.

पहिला आक्षेप असा की, अशा अनुदानाने लोकांना फुकटाची सवय जडते. परंतु केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये 75,021 कोटी रुपयांची तरतूद करून जी सूर्यघर योजना मंजूर केली, तिच्यात स्वतःच्या गच्चीवर तीन किलोवॅटचा सौर संच बसवणाऱ्या सुस्थित गृहस्थास सरकारी तिजोरीतून 78,000 रुपये मिळतात, आणि तो मात्र राष्ट्रहिताचा व्यय मानला जातो. गच्ची असलेल्याला मिळाले म्हणजे प्रोत्साहन आणि पत्र्याखाली राहणाऱ्याला मिळाले म्हणजे खैरात, हा भेद कोणत्या न्यायशास्त्रात बसतो?

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. गरीब माणूस वीजच मुळी थोडी वापरतो, तेव्हा त्याच्या घरी बचत ती किती होणार, असे विचारले जाते. हिशेबच करू. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज खातो, नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या, पंख्याला सुमारे 30 वॅट पुरतात. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे सोळा तास चालणारे असे दोन पंखे बदलले तर महिन्याला चाळीसहून अधिक युनिटे वाचतात, आणि ज्या कुटुंबाचा एकूण वापरच शंभराच्या आसपास आहे त्याच्या दृष्टीने हा आकडा क्षुल्लक नव्हे. असा पंखा तीन हजारांना धरला, तरी एका गच्चीवर खर्च होणाऱ्या 78,000 रुपयांत तेरा घरांतील प्रत्येकी दोन पंखे बदलता येतात. शिवाय अल्प वापराच्या ग्राहकाला सवलतीच्या दराने जी वीज दिली जाते, तिचा भार उद्योग-व्यापारावर अधिक दर लावून दरमहा भरून काढावाच लागतो. वाचलेल्या प्रत्येक युनिटाबरोबर तो भारही हलका होतो.

तिसरा आक्षेप मालकीचा. झोपडीच्या जागेचा दस्तऐवज नाही, मग तिथे सरकारी पैसा कसा घालावा? या प्रश्नात दोन वेगळ्या बाबींची गल्लत आहे. जमिनीचा वाद महसूल खात्याने आणि न्यायालयाने मिटवावा. विजेचा मीटर ज्याच्या नावावर आहे आणि जो नियमाने बिल भरतो, तो वीज कंपनीचा ग्राहक आहे, आणि ऊर्जेच्या योजनेला तेवढा दाखला पुरेसा असावा. 2015 च्या उजाला योजनेत एलईडी दिवा देताना कोणी सातबारा मागितला नव्हता. त्या योजनेत रोख अनुदान नव्हते, सार्वजनिक संस्थेची घाऊक खरेदी होती. तरीही 2014 साली 310 रुपयांना खरेदी होणारा दिवा दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. पंख्यांची खरेदीही त्याच मार्गाने झाली, तर वर धरलेला तीन हजारांचा भाव निश्चित खाली येईल.

उरला देखभालीचा आक्षेप, आणि तो मला अर्धा मान्य आहे. संच बसवून छायाचित्र काढायचे व पुढे फिरकायचे नाही, ही आपल्या सरकारी कामांची जुनी खोड आहे. परंतु तिचा दंड लाभार्थ्याने का भरावा? ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग पाच वर्षे रोखून धरावा आणि संच चालू असल्याची खातरी पटल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावा.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये घरगुती छतावरील सौर संचांसाठी स्मार्ट योजना आणून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा हिस्सा एका किलोवॅटला 2,500 रुपयांवर आणला, हे पाऊल स्तुत्य आहे आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. तथापि तिथेही गृहीत धरले आहे ते स्वतःचे, भार पेलणारे छप्पर. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील सुमारे 41 टक्के कुटुंबे झोपडपट्टीत आढळली. त्यांच्या वाकलेल्या पत्र्यावर सौर पटल चढवणे अशक्य आहे, आणि भाडेकरूला तर चढवण्याचा अधिकारही नाही. म्हणून खर्चाचा क्रमच बदलला पाहिजे. प्रथम घरातील धोकादायक तारजोडणी दुरुस्त व्हावी, मग पंखे बदलावेत, पत्र्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप द्यावा, आणि वीजनिर्मिती करायचीच तर ती जवळच्या पालिका शाळेच्या वा दवाखान्याच्या गच्चीवर करून तिची युनिटे वस्तीतील घरांच्या बिलांतून वजा करावीत. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा आभासी नेट मीटरिंगचे नियम 2019 मध्येच केले आहेत. तेव्हा मार्ग अज्ञात नाही. अर्जातील ‘स्वतःचे छप्पर’ या अटीच्या जागी ‘स्वतःच्या नावाचा मीटर’ ही अट लिहावी, आणि मीटर मालकाच्या नावावर असलेल्या भाडेकरूला भाडेपावती चालावी, एवढी दुरुस्ती शासनाने येत्या अर्थसंकल्पापूर्वी करावी.