माझा डी ड्राइव्ह कुठाय?

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "माझा डी ड्राइव्ह कुठाय?" मग आपल्यातला कुणी जाणकार पुढे सरसावतो, टर्मिनल उघडून माउंटची एक कमांड ठोकतो आणि म्हणतो, "हं, झालं!" मंडळी, माझं भांडण या "झालं"शी आहे. फाइली दिसल्या, पण समोरच्याला काडीचंही कळलेलं नाही. आणि बऱ्याचदा त्या जाणकारालाही!

ड्राइव्हला अक्षरं देण्याची पद्धत सीपी/एमकडून १९८१ साली डॉसमध्ये आली. तेव्हा ती ठीकच होती. 'ए'मध्ये एक फ्लॉपी, 'बी'मध्ये दुसरी, आणि कशात काय आहे ते माणसाने लक्षात ठेवायचं. पण त्यातून आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं : पत्ता म्हणजेच डिस्क. लिनक्स अवघड वाटतं ते या समीकरणामुळे, काळ्या स्क्रीनमुळे नाही.

खरं तर युनिक्सने हे समीकरण त्याआधीच मोडलं होतं. रिची आणि थॉम्प्सन यांच्या १९७४च्या शोधनिबंधात माउंट आहेच. मूळ डिरेक्टरी एका डिस्कवर, लोकांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि वापरणाऱ्याला मात्र सलग एकच झाड दिसतं. पुढे विंडोज २०००मध्येही रिकाम्या फोल्डरवर अख्खं पार्टिशन जोडायची सोय आली. आपल्यापैकी किती जणांनी ती वापरली?

आता घरातल्या भिंतीकडे बघा. खिळा आहे, त्यावर कालनिर्णय. डिरेक्टरी म्हणजे खिळा, पार्टिशनवरची फाइल सिस्टीम म्हणजे कॅलेंडर आणि माउंट करणं म्हणजे टांगणं. बस्स! यातून सगळं निघतं. जुन्या कॅलेंडरवर नवं टांगलं तर जुनं झाकलं जातं, फाटत नाही. भरलेल्या डिरेक्टरीवर पार्टिशन माउंट केलं तर आतल्या फाइली पुसल्या जात नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. अनमाउंट करा, जशाच्या तशा परत. शिवाय एका कॅलेंडरातलं पान दुसऱ्यात नुसतं सरकवता येत नाही. म्हणून त्याच पार्टिशनवर ४ जीबीची फाइल क्षणात हलते, दुसऱ्यावर न्यायची तर पूर्ण कॉपी होईपर्यंत चहा होतो.

आणि कॅलेंडर टांगलेलंच नसेल तर? दुधाचा हिशेब सरळ भिंतीवर लिहिला जातो.

हसू नका, हे मी एका सर्व्हरवर पाहिलंय. रोज रात्री '/बॅकअप'मध्ये बॅकअप जायचा. ही डिरेक्टरी म्हणजे वेगळ्या डिस्कसाठीचा खिळा. सर्व्हर रीस्टार्ट झाला, ती डिस्क काही वर आली नाही. एफएसटॅबमध्ये कुठून तरी उचललेला 'नोफेल' होता. त्याचा अर्थ डिस्क नसली तरी बूट थांबवू नकोस. सर्व्हर आज्ञाधारकपणे चालू झाला. स्क्रिप्टला डिरेक्टरी दिसली, ती लिहीत सुटली, मूळ पार्टिशनवरच! काही दिवसांनी ते भरलं. मग कुणीतरी डिस्क पुन्हा माउंट केली आणि भिंतीवरचा हिशेब कॅलेंडरमागे गेला. 'डीएफ' म्हणतंय जागा संपली, 'डीयू' म्हणतंय एवढ्या फाइलीच नाहीत. दोन दिवस लोक लॉग पुसत बसले. आणि त्या काळातला बॅकअप? ज्या डिस्कचा घ्यायचा तिच्यावरच. ती गेली असती तर दोन्ही गेलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "आता पेनड्राइव्ह आपोआप माउंट होतो, सगळं क्लाउडवर आहे, कशाला शिकायचं?" अहो, क्लाउडवरच तर जास्त लागतं! व्हर्च्युअल मशीनला नवी डिस्क जोडली म्हणजे ती माउंट झाली असं नाही. डॉकरचा व्हॉल्यूम म्हणजे तरी काय, माउंटच. डेटाबेसच्या डिरेक्टरीवर तो टांगायला विसरलात तर डेटा कंटेनरच्या स्वतःच्या थरात जातो आणि कंटेनर काढला की त्याच्याबरोबर जातो. तिथे 'अनडू' नाही.

दोष आपल्या शिकवण्याचा आहे. क्लासवाले एफएसटॅबचे सहा रकाने पाठ करून घेतात, इंटरव्ह्यूवाले तेच विचारतात. "माउंट नसताना या डिरेक्टरीत लिहिलं तर कुठे जाईल?" हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. मी विचारतो. बरेच जण गडबडतात, अगदी चार-पाच वर्षं अनुभववालेसुद्धा.

तेव्हा कमांड सांगण्याआधी खिळा दाखवा. 'फाइंडएमएनटी' चालवून कुठे काय टांगलंय ते बघायला लावा. एफएसटॅबमध्ये 'एसडीबी१' अशी नावं लिहू नका, ती बूटागणिक बदलू शकतात, यूयूआयडी लिहा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ 'माउंटपॉइंट'ने तपासणी करणारी असू द्या, डिस्क नसेल तर तिथेच थांबा आणि बोंब मारा. मागे काही झाकलं गेल्याची शंका आली तर मूळ डिरेक्टरी दुसरीकडे बाइंड माउंट करा, भिंत दिसते.

एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात. सोमवारी ऑफिसात गेलात की आधी तुमच्या बॅकअपच्या डिरेक्टरीत बघा, कॅलेंडर आहे की नुसता खिळा.