घराची नोटीस येते त्या दिवशी वकील हवा

प्रति,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे पदाधिकारी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचे सदस्य आणि मुंबईतले ज्येष्ठ वकील यांस,



मुंबईतला गरीब माणूस घराचा दावा बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढण्याआधीच हरलेला असतो. नोटीस हातात पडल्यापासून तिला उत्तर द्यायची मुदत उलटेपर्यंत त्याला कायद्याचं नीट समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. पुढे वकील मिळतो, कधी सरकारी खर्चानेही मिळतो, पण तोवर कागदावर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या मधल्या दिवसांबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

मी वकील नाही. लालबाग-परळ भागातल्या एका जुन्या चाळीत राहतो आणि भाडेकरूंच्या संघाचं काम करतो. लोक नोटिसा घेऊन येतात. आम्ही त्या वाचून दाखवतो, मुदत कधीपर्यंत आहे ते सांगतो आणि ओळखीच्या वकिलाकडे धाडतो. येणाऱ्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तीत भाडेपावत्यांची चवड, रेशनकार्ड, जुनी विजेची बिलं, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, एखाद्याकडे मुलाच्या शाळेचा दाखलाही. सगळं घडी घालून जपलेलं. नोटीस सगळ्यात शेवटी बाहेर येते, आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघून आमच्याच पोटात गोळा येतो.

एक उदाहरण सांगतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं एक जोडपं. करार संपला, मालकाने तोंडी ‘राहा अजून’ म्हटलं, भाडं मोबाइलवरून घेत राहिला. मग डिपॉझिटवरून वाजलं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून समन्स आलं. नवऱ्याने ते इस्टेट एजंटला दाखवलं. एजंट म्हणाला, तारखेला जाऊ, तिथं सांगू काय ते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ४३ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर मालकाने अर्जात जे लिहिलं ते तुम्हाला कबूल आहे असं धरलं जातं. हे त्या दोघांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ते तारखेला गेले, तेव्हा मुदत टळून गेली होती. भाडं भरल्याचे सगळे मेसेज नवऱ्याने मोबाइलमध्ये ठेवले होते, ते बघायची वेळच कुणावर आली नाही. शिवाय करार संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला कलम २४ खाली दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागते, हे त्यांना हुकूम हातात आल्यावर कळलं.

कदाचित त्यांना जागा सोडावीच लागली असती. असं असतं, तर पहिल्याच आठवड्यात कुणी जाणत्याने तसं स्पष्ट सांगायला हवं होतं. ‘तुमची बाजू लंगडी आहे, चार महिने मुदत मागून घ्या आणि दुसरी जागा बघा,’ हाही कायद्याचा सल्लाच आहे आणि पुष्कळांना तोच वाचवतो. विनाकारण लढत बसलेल्या भाडेकरूला तो हवा, तसा एकुलत्या एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या म्हाताऱ्या मालकालाही हवा.

झोपडपट्टी पुनर्वसनात तर गाठ याहून अवघड. तिथं सगळं परिशिष्ट-दोनवर, म्हणजे झोपडीधारकांच्या यादीवर ठरतं. त्या यादीत नावापुढे ‘पात्र’ की ‘अपात्र’ लिहिलंय, यावर एका कुटुंबाला तीनशे चौरस फुटांचं घर मिळणार की नाही हे अवलंबून. आमच्याकडे डबे करून देणारी एक बाई आली होती. तिच्या विजेच्या बिलावर नवऱ्याचं कागदोपत्री नाव, तर रेशनकार्डावर त्याला सगळे हाक मारत ते नाव. नवरा वारलेला. यादीत शेरा पडला, पुरावा जुळत नाही. तिला वाटलं, सोसायटीचे कमिटीवाले बघतील. कमिटीवाले म्हणाले, बिल्डरचा माणूस बघतोय. पावसाळा सरला आणि झोपडी रिकामी करायची नोटीस दाराला चिकटली, तेव्हा ती आमच्याकडे आली. एका तरुण वकील मुलीने दहा मिनिटांत सांगितलं की दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र, मतदार यादीचा उतारा आणि शेजाऱ्याचं शपथेवरचं निवेदन जोडून वेळेत अपील केलं असतं, तर काम सोपं होतं. आता अपील, मुदत उलटल्याबद्दल माफीचा अर्ज, झोपडी पाडण्याला स्थगितीसाठी हायकोर्टात रिट, असं तिहेरी काम होऊन बसलं.

अशी प्रकरणं साचत जातात ती कुठे, हे सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिलं आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालात त्याने १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखालचे १,६१२ दावे मुंबई उच्च न्यायालयात पडून असल्याची नोंद केली आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यायला उच्च न्यायालयाला सांगितलं. त्यातले काही दावे बिल्डरांचे आपसातले असतील. पण पहिल्या नोटिशीच्या वेळी कुणी नीट सल्ला दिला असता, तर किती कुटुंबं त्या ढिगात गेलीच नसती, याचा हिशेब कुणी तरी करायला हवा, आणि तो आपणच करू शकता.

कायद्याची उणीव नाही, म्हणून तर जीव तुटतो. मोफत विधी साहाय्य हे शासनाचं कर्तव्य म्हणून १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. डबे करणाऱ्या त्या बाईला हा हक्क पहिल्या दिवसापासून होता. तिला तो सांगणारा माणूस तिच्या वस्तीत, सोसायटीत किंवा वॉर्ड ऑफिसात कुठेच नव्हता. चाळीतली भाडेपावती नवऱ्याच्या नावावर असली, तरी तो गेल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकोला भाडेकरूचे हक्क मिळतात, हेही अनेक विधवांना त्यांच्या दिराकडूनच कळतं, आणि तेही उलटं सांगून.

फुटपाथवरच्या माणसाचा घरासाठीचा लढा याच शहरातून देशभर गेला. जुलै १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी पदपथांवरच्या झोपड्या हटवून लोकांना त्यांच्या गावी पाठवण्याचं जाहीर केलं. ऐन पावसात झोपड्या मोडल्या जाऊ लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले, इंदिरा जयसिंग यांच्यासारख्या वकील उभ्या राहिल्या आणि १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. झोपड्या हटवायला महापालिकेला त्या निकालाने मज्जाव केला नाही, हे खरं. पण आधी म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व त्यातून पक्कं झालं, पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं, आणि १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्यायची ठरली. उत्तम वकील वेळेवर उभा राहिला की काय होतं, ते त्या जवळजवळ चार महिन्यांत डोक्यावर छप्पर राहिलेल्यांना विचारावं. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली, रस्ते, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा जागा वगळून. म्हणणं ऐकून घ्यायचं, तर ते मांडता आलं पाहिजे. पंधरा दिवसांत रोजंदारीवरचा माणूस किती वकिलांच्या कचेऱ्या पालथ्या घालणार?

जुन्या इमारतींचं म्हणाल, तर म्हाडा कायद्यातल्या कलम ७९-अ प्रमाणे धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही, तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीचे. या कलमाखालच्या नोटिसा ज्या पद्धतीने काढल्या गेल्या, तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कडक ताशेरे ओढले, तो वाद वेगळा. मला दिसतं ते असं की भाडेकरूंच्या वाट्याचे हे सहा महिने मीटिंगांच्या भांडणात वाहून जातात. तीन बिल्डर तीन गटांना धरून असतात, आणि निःपक्ष सल्ला देणारा वकील एकाही गटाकडे नसतो. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलंय. तरी ‘पाडली की तुमचं काही राहणार नाही’ एवढ्या एका दमावर लोकांच्या सह्या आजही घेतल्या जातात.

लोकअदालतीबद्दलही एक बोलायचं राहू नये. तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी अर्धा तास का होईना, त्या माणसाला वकिलाशी एकट्याने बोलायला मिळालं पाहिजे. तारखेच्या गर्दीत तो अर्धा तास निघत नाही.

फौजदारी बाजूला आपण वाट काढली आहे. २०२२ पासून आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ, पगारी वकिलांची व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली. त्या वकिलाला दुसरी खासगी कामं घ्यायची नसतात, त्यामुळे तो त्याच कामात मुरतो. घराच्या प्रकरणांना अशी व्यवस्था का नाही? इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑगस्ट २०२३ पासून घराचा ताबा जाण्याची लेखी सूचना आलेल्या कुणालाही उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने सल्ला मिळतो, आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टातच त्याच्यासाठी वकील हजर असतो. तिथंही सगळं आलबेल नाही. २०१३ पासून तिथल्या विधी साहाय्याला मोठी कात्री लागली आणि कित्येक भागांत घराच्या कामाचा वकीलच उरला नाही. तरी नोटीस आली त्या दिवसापासून सल्ला, हे सूत्र त्यांनी सोडलेलं नाही. आपण ते उचलावं.

धोबी तलावच्या आणि वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात घरांसाठीचा विधी साहाय्य कक्ष सुरू करा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा, दोन्हींची मुख्यालयं वांद्रे पूर्वेलाच आहेत, तिथंही एकेक टेबल हवं. टेबलावर पूर्णवेळ पगारी वकील बसावेत, तेही भाडे कायदा, झोपडपट्टी कायदा आणि महापालिका कायदा यांत मुरलेले. फक्त अर्ज लिहून घेणारा कारकून बसवाल, तर लोक दोन आठवड्यांत येणं सोडतील. आणि राज्य शासनाला, महापालिकेला लिहून एवढं करून घ्या की घर रिकामं करायला सांगणाऱ्या प्रत्येक नोटिशीच्या पहिल्याच पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत तीन गोष्टी छापल्या जातील: उत्तर कोणत्या तारखेपर्यंत, ते कुणाकडे, आणि मोफत वकिलासाठी १५१०० हा क्रमांक व जवळच्या विधी सेवा कार्यालयाचा पत्ता. याला नवा कायदा लागत नाही.

बार कौन्सिलच्या सदस्यांना वाटेल की यामुळे तरुण वकिलांचं काम जाईल. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात वकिलाला फी दिलेली नाही. त्यांचे पैसे एजंटाकडे आणि दलालाकडे जातात. या कामाचे पैसे तुमच्या सनदधारकांकडे यावेत, शासनाकडून, वेळेवर आणि पोट भरेल इतके. तुटपुंज्या मानधनावर चांगला वकील टिकत नाही आणि पक्षकाराचाही त्याच्यावर विश्वास बसत नाही, हे तुम्ही आम्हाला सांगायला नको.

ज्येष्ठ वकिलांनो, तुमच्याकडे मागणं निराळं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले, १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि त्या काळात ते आमच्याच परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. गिरणगावातल्या गोरगरिबांची गाऱ्हाणी ते दामोदर हॉलमधल्या कचेरीत ऐकत. तुम्ही चाळीत येऊन राहा असं कुणी म्हणत नाही. पण त्या कक्षातल्या वकिलाला एखाद्या अवघड प्रकरणात तुमचं मत हवं असेल, तर ते दोन दिवसांत मिळावं. शंभर कुटुंबांचा प्रश्न एका रिटमध्ये मांडता येत असेल, तर त्या रिटमध्ये तुम्ही उभे राहावं. आणि हायकोर्टात इंग्रजीत जे झालं, ते कोर्टाबाहेर थांबलेल्या बायकांना तुमच्या ज्युनियरने त्याच दिवशी मराठीत सांगावं. हुकूम आपल्या बाजूने झाला की विरुद्ध, हे न कळताच माणसं परळला परत येतात.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात आणि पाठोपाठ नोटिसा. धोबी तलावचं एक टेबल तरी त्याआधी सुरू व्हावं. जागा, कपाट, बसायला बाकं लागली, तर आमचा संघ आणि आजूबाजूच्या चाळी मिळून उभी करतील. नोटिसा वाचून तारखांप्रमाणे लावून द्यायला आमची माणसं रोज येतील. आपण वेळ द्याल तेव्हा भेटायला येतो, सोबत नोटिसांच्या झेरॉक्सही आणतो.

आपला,
परळ भागातला एक भाडेकरू