मेकन कौंटीचीं माणसें

थोर माणसें मोठ्या शहरांतच निपजतात, असा आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांचा समज असतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यांतल्या मेकन कौंटीची हकीकत वाचली म्हणजे तो सहज दूर होतो. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. हा मुलूख पूर्वीपासून कापसाच्या शेतीचा, आणि वस्ती बहुतांशीं गुलामांच्या वंशजांची. मुख्य गांव टस्कीगी.

१८८१ सालीं पंचविशींतले बुकर टी. वॉशिंग्टन या गांवीं शिक्षक म्हणून आले. त्यांचा स्वतःचा जन्म गुलामगिरींतला. एका मोडक्या खोपटांत तीस विद्यार्थी घेऊन त्यांनीं शाळा मांडली. इमारतीच्या विटा विद्यार्थ्यांनींच पाडाव्या, हा त्यांचा आग्रह. पण लागोपाठ तीन भट्ट्या फसल्या. तेव्हां घड्याळ गहाण ठेवून त्यांनीं चौथी लावली, आणि ती साधली.

त्यांच्याच बोलावण्यावरून १८९६ मध्यें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथें आले. कापसानें निःसत्त्व झालेल्या जमिनीचा कस भुईमूग व चवळी लावून कसा परत आणावा, हें त्यांनीं गरीब शेतकऱ्यांस शिकविलें. १९४३ सालीं त्यांनीं टस्कीगीसच देह ठेवला. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या पुस्तकामुळें आपल्या मुलांसही ते परिचित आहेत. पुढें १९५५ मध्यें माँटगोमेरी शहरांत गोऱ्या उतारूसाठीं बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचाही जन्म टस्कीगीचाच, १९१३ चा.

परंतु याच कौंटींत दुसरीही एक यादी आहे. १९३२ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें येथील सुमारें सहाशें काळ्या पुरुषांस तपासणीसाठीं निवडलें. त्यांपैकीं ३९९ जणांस उपदंश होता. ‘तुमचें रक्त बिघडलें आहे,’ इतकेंच त्यांस सांगण्यांत आलें. मोफत जेवण आणि मरणोत्तर क्रियेचा खर्च एवढ्यावर तीं भाबडीं माणसें येत राहिलीं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा मान्य उपाय ठरल्यावरही तो त्यांस दिला नाहीं. रोग कसा वाढतो, हेंच पाहावयाचें होतें! ज्या विद्यालयावर लोकांचा भरंवसा, त्याच्याच रुग्णालयाचें या कामीं साहाय्य झालें. १९७२ मध्यें वर्तमानपत्रांनीं वाचा फोडली, तेव्हां हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली ती १९९७ मध्यें.

मुलांस कार्व्हरांची गोष्ट सांगतांना वडील मंडळींनीं ही दुसरीही अवश्य सांगावी. विद्या ज्याच्या हातीं, त्याच्या शब्दावर अडाणी मनुष्य डोळे मिटून विसंबतो. आपल्या घरीं कामास येणारीं माणसेंही औषधाची चिठ्ठी वाचून घेण्यास आपल्यापुढें धरतात. ती वाचून दाखवितांना आपण त्यांस सर्व कांहीं सांगतों ना, हें एकदां आपल्याशींच तपासून पाहावें.