बाळंतिणीची खोली आणि विलायतेतील खिडकी

लेकीच्या अथवा सुनेच्या बाळंतपणासाठी चार-सहा महिने विलायतेस जाऊन राहणे ही गोष्ट आपल्या घरांत आता पूर्वीच्या काशीयात्रेइतकीही अपूर्व राहिलेली नाही. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे आणि बाळंतविडा बांधून निघालेल्या मातोश्रींना तेथे गेल्यावर एक प्रश्न मात्र अनपेक्षितपणे भेटतो. मुलांनी कर्ज काढून घेतलेले घर पुष्कळदा शंभर वर्षांच्या आसपासचे असते. त्यात सर्वांत प्रशस्त आणि उजेडाची खोली म्हणजे वरच्या मजल्यावरील दर्शनी खोली. बाळ-बाळंतिणीची सोय साहजिकच तेथे होते आणि जानेवारी उजाडताच तीच खोली घरात सर्वांत गार ठरते. पडदे जाड केले, काचा दुहेरी बसविल्या, तरी खिडकीखालच्या भिंतीशी हात नेला की गारठा लागतोच.

या गारठ्याचे मूळ समजण्यासाठी ती खिडकी कशी बांधलेली असते हे पाहिले पाहिजे. इंग्रज तिला ‘बे विंडो’ म्हणतात. दर्शनी भिंतीच्या पुढे दोन-तीन फूट आलेला आणि तीन बाजूंनी काचा असलेला तो एक लहानसा सज्जाच होय. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली आणि घराच्या खिडक्यांवरील कर १८५१ साली उठला. त्यानंतर मध्यमवर्गीयांच्या ओळीच्या घरांना अशा खिडक्या सर्रास दिसू लागल्या. पुढे १९१९ ते १९३९ या काळात उपनगरांतून जी जोडघरे मोठ्या संख्येने उभी राहिली, त्यांना तर ही खिडकी दोन्ही मजल्यांवर असणे हा जणू कुलाचारच ठरला.

घराची मुख्य भिंत विटांची असते; परंतु वरची आणि खालची खिडकी यांच्या मधला पट्टा पुष्कळदा विटांचा नसतोच. सुमारे चार इंच जाडीच्या लाकडी दांड्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून टांगलेली कौले किंवा गिलावा, आतून लाकडी पट्ट्यांवर लिंपलेला चुना, आणि मध्ये पोकळी, एवढाच तो संसार. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतही लाकडी सांगाडा असतो. पण आपल्या सुतार-गवंड्यांनी त्यात विटा आणि माती ठासून भरलेली असते. विलायतेतील या पट्ट्यात हवेखेरीज काही नाही.

कोणी म्हणेल, हवा तर उष्णतेला अडवते. मग पोकळी असणे चांगलेच नव्हे काय? स्थिर हवा अडवते, हे खरे. रजई उबदार असते ती कापसात कोंडलेल्या हवेमुळेच. येथली हवा मात्र स्थिर नाही. कौलांच्या सांध्यांतून वारा आत शिरतो, पोकळीत फिरतो आणि वरच्या मजल्याच्या जमिनीखालील तुळयांमधून थेट घराच्या पोटात जातो. त्यामुळे पुष्कळ घरांत भिंत गार लागतेच, शिवाय तक्तपोशीच्या फटींतून पायांनाही वारा लागतो. ही वाट न बुजविता भिंतीत कितीही लोकर भरली, तरी स्वेटर घालून गुंड्या उघड्या ठेवण्यासारखेच ते होईल.

येथवर प्रश्न केवळ थंडीचा होता. ओलाव्याचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि आपल्या घरांत तो अधिक तीव्र होतो. एका घनमीटर हवेत वीस अंशांवर सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, शून्य अंशांवर जेमतेम ५ ग्रॅम. खोलीची हवा वीस अंशांची आणि आर्द्रता शेकडा ६० असेल, तर बारा अंशांच्या पृष्ठभागावर ती दव टाकू लागते. आता आपले घर डोळ्यांपुढे आणा. सकाळी कुकरच्या शिट्या, आंघोळीचे कढत पाणी, दिवसभर अळिवाची खीर आणि लेपाचे आटवणे, आणि बाहेर ऊन नाही म्हणून रेडिएटरवर ओळीने वाळत घातलेली दुपटी! हे सारे बाष्प भिंतीतील फटींतून पोकळीत जाते आणि गार कौलांच्या पाठीशी पाणी होऊन लाकडावर बसते. भिंत उघडी-वाघडी होती तोवर वाराच ते वाळवीत असे. आम्ही वारा बंद केला, बाष्प मात्र चालूच ठेवले, तर लाकडातील ओलावा शेकडा वीसच्या वर जाऊन ते कुजू लागते. आणि त्याच सांगाड्यावर बहुधा वरच्या खिडकीचा आणि तिच्यावरील छपराचा भार असतो.

म्हणून भिंतीस भोक पाडून फुगणारा फेस आत सोडण्याची सूचना कोणी केल्यास ती आम्ही स्पष्टपणे नाकारू. तो फेस कोठवर पोहोचला ते दिसत नाही, आणि कौलातून आलेले पावसाचे पाणी तो लाकडाशी धरून ठेवतो.

योग्य रीत अशी. कौले तशीही सैल झाली असतील, तर परात बांधून ती उतरवावी, पाणी अडविणारा पण बाष्प बाहेर जाऊ देणारा पडदा सांगाड्यावर ताणावा आणि कौले पुन्हा टांगावी. मग आतून दांड्यांमधील सबंध जागा खनिज लोकरीने भरता येते. बाहेरून हात लावणे शक्य नसेल, तर आतला चुना काढून कौलांमागे दोन इंच वाहती हवा राखावी आणि उरलेल्या जागेत फोमच्या पाट्या घट्ट बसवाव्या. पण येथे थांबू नये. लाकूड लोकरीच्या तिप्पट-चौपट उष्णता वाहून नेते, म्हणून दांड्यांवरून आणखी इंच-दीड इंचाचा अखंड थर द्यावा लागतो. इंग्लंडात अशी भिंत सुधारताना तिच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर अंश फरकामागे, सामान्यतः ०.३० वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये असा दंडक आहे. नुसत्या दांड्यांमधील जागा भरून तो पाळला जात नाही. खोलीच्या बाजूस बाष्परोधक पडदा, त्याचे सांधे पट्टीने चिकटविलेले, तुळयांची टोके बुजविलेली, आणि मग प्लास्टरबोर्ड. खोली दोन इंचांनी आखूड होईल, ते सोसावे. जुन्या दांड्यांपैकी एकही दांडा जागेच्या लोभाने कापू नये. खिडकीच्या कोपऱ्यातील खांब भार वाहतो की नाही, हे जाणत्या अभियंत्यास विचारूनच ठरवावे.

याबरोबर स्वयंपाकघरातील वाफ थेट घराबाहेर टाकणारा पंखा हवाच. चुलीवरची हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारा पंखा फोडणीचा वास कमी करील, वाफ नव्हे.

एक गोष्ट वडीलधाऱ्या स्त्रियांना उद्देशून सांगावीशी वाटते. बाळंतिणीला शेकशेगडी आणि बाळाला धुरी देण्याची आपली चाल हवेशीर वाड्यांत वाढली. फटी बुजविलेल्या खोलीत निखारे नेणे जीवघेणे आहे. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. शेक द्यावयाचाच तर गरम पाण्याच्या पिशवीचा द्यावा.

काम मे ते सप्टेंबर या महिन्यांतच उरकावे. १९६० पूर्वीच्या घरांत खिडक्यांवरील जुन्या रंगांत शिसे असणे अगदी संभवनीय आहे, आणि काही जुन्या पाट्यांत आणि लेपांत ॲस्बेस्टॉस असते. त्याच्या वापरावर ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. म्हणून खरवडण्यापूर्वी दोहोंची तपासणी करवून घ्यावी, आणि गर्भवतीने काम संपेपर्यंत दुसरीकडे राहावे. मागे उरलेली धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, आणि नवे प्लास्टर पुरते वाळल्यावरच पाळणा त्या खोलीत न्यावा.