विश्लेषण : श्रोत्यांच्या देणग्यांवर हजार रेडिओ केंद्रे… गुहागरने यातून काय घ्यावे, काय टाळावे?

अमेरिकेत ख्रिस्ती भक्तिगीते ऐकवणारे ‘के-लव्ह’ हे ना-नफा रेडिओ जाळे चार दशकांत एका केंद्रावरून हजाराहून अधिक केंद्रांवर पोहोचले, तेही व्यावसायिक जाहिराती न घेता. नफ्यासाठी चालणाऱ्या रेडिओ कंपन्या कर्जाखाली वाकल्या असताना ही वाढ झाली. भारतात ना-नफा रेडिओला परवानगी मिळून वीस वर्षे उलटली, पण बहुतेक केंद्रांची पैशाची ओढाताण संपलेली नाही. वादळात वीज आणि मोबाइल दोन्ही गमावणाऱ्या गुहागरसारख्या तालुक्याने या उदाहरणाकडे कसे पाहावे?

‘के-लव्ह’ नेमके काय आहे?

‘एज्युकेशनल मीडिया फाऊंडेशन’ ही संस्था हे जाळे चालवते. कॅलिफोर्नियातील सँटा रोझा येथे १९८२ मध्ये तिचे पहिले केंद्र सुरू झाले. ‘के-लव्ह’ हे नाव १९८८ मध्ये आले. ‘एअर वन’ हे तिचे दुसरे जाळे. गाणी आधुनिक वाद्यमेळातली, पॉप संगीताच्या वळणाची असतात. प्रवचनांचा भर कमी आणि निवेदकांचा सूर उमेद देणारा असतो. कार्यक्रम एका ठिकाणी तयार होतात आणि उपग्रहामार्फत देशभरातील प्रक्षेपकांवर जातात. वर्षातील ठरावीक दिवशी श्रोत्यांना देणगीचे आवाहन केले जाते. दरमहा थोडी रक्कम देणारा श्रोता हा या व्यवस्थेचा कणा आहे.

वाढ इतकी कशी झाली?

पहिले कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९४५ मध्येच एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा भाग शैक्षणिक, बिगरव्यावसायिक प्रसारणासाठी राखून ठेवला. धार्मिक ना-नफा संस्थांनाही तेथे प्रवेश मिळाला. दुसरे कारण पुनःप्रक्षेपक. मुख्य केंद्राचा आवाज पकडून तो पुढच्या गावात सोडणारे हे छोटे यंत्र पूर्ण केंद्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना परवडत नसलेल्या लहान गावांतही हे जाळे पोहोचले.

तिसरे कारण प्रतिस्पर्ध्यांची पडझड. कर्ज काढून शेकडो केंद्रे विकत घेतलेल्या क्युम्युलस या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये, तर आयहार्टने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. देणी भागवण्यासाठी केंद्रे विकायला निघाली, तेव्हा रोख पैसा असलेला ग्राहक ही ना-नफा संस्था होती. तिने २०१८ मध्ये शिकागोचे ‘द लूप’ हे जुने रॉक संगीत केंद्र घेतले. पुढच्याच वर्षी क्युम्युलसची सहा केंद्रे १० कोटी ३५ लाख डॉलरना घेतली. त्यांत न्यू यॉर्कचे प्रसिद्ध डब्ल्यूपीएलजे होते. बाजारात मंदी असली तरी आपले मानणाऱ्या श्रोत्याची देणगी थांबत नाही, हे या व्यवहारांतून दिसले.

या वाढीची किंमत कोणी मोजली?

किंमत मोजली स्थानिक आवाजाने. जाळ्यातल्या बहुतेक गावांत मनोरा असतो, पण तिथला निवेदक नसतो. अमेरिकेत परवानाधारकाने आपल्या परिसरात मुख्य स्टुडिओ ठेवावा, असा नियम अनेक दशके होता. बिगरव्यावसायिक जाळ्यांना त्यातून सवलती मिळत गेल्या आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगाने हा नियमच रद्द केला. गावात पूर आला, पूल वाहून गेला, तर हजारो मैलांवरच्या स्टुडिओला ते कळणार कसे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

दुसरा परिणाम लहान केंद्रांवर झाला. आयोगाने २००० मध्ये १०० वॅटची ‘कमी शक्तीची’ सामुदायिक केंद्रे मान्य केली. मात्र २००३ मध्ये पुनःप्रक्षेपकांसाठी अर्ज मागवताच सुमारे १३ हजार अर्ज आले. त्यांत धार्मिक प्रसारक मोठ्या संख्येने होते. उपलब्ध लहरींसाठी गावातली छोटी केंद्रे आणि दूरच्या जाळ्यांची यंत्रे समोरासमोर आली. छोट्या केंद्रांना वाट मोकळी करणारा कायदा व्हायला २०११ साल उजाडले. या जाळ्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. परंतु लहरी मर्यादित असतात. त्या एकाने घेतल्या की दुसऱ्याच्या वाट्याला उरत नाहीत.

भारतात असे जाळे का उभे राहिले नाही?

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले. त्यानंतर खासगी एफएमची दारे उघडली, पण त्या लिलावात धार्मिक आणि राजकीय संस्था तसेच त्यांच्याशी संलग्न कंपन्या अपात्र ठरवल्या गेल्या. त्यामुळे कोणत्याही धर्माचे व्यावसायिक एफएम जाळे येथे होऊ शकत नाही. त्याआधी ख्रिस्ती प्रसारण बाहेरून येई. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरचे ‘फेबा’ संस्थेचे लघुलहरी केंद्र १९७० पासून भारताच्या दिशेने कार्यक्रम सोडत होते. ते २००३ मध्ये बंद झाले.

ना-नफा प्रसारणासाठी सामुदायिक रेडिओचा मार्ग आहे. आधी २००२ च्या धोरणाने तो शिक्षणसंस्थांना खुला झाला आणि चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. तेलंगणातील पस्तापूरला दलित महिलांनी चालवलेला ‘संगम रेडिओ’ आणि साताऱ्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ ही दोन्ही केंद्रे २००८ ची. येथे प्रक्षेपणाची शक्ती १०० वॅट, मनोऱ्याची उंची साधारण ३० मीटर आणि निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने, अशा अटी आहेत. धार्मिक कार्यक्रमांनी श्रद्धेचा गैरफायदा घेऊ नये आणि अन्य धर्मीयांना दुखवू नये, असेही बंधन आहे.

फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित धोरणाने परवानगीची मुदत दहा वर्षे केली. अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत जास्तीत जास्त सहा केंद्रे चालवता येतील, अशी तरतूदही केली. अमेरिकेत हजारांवर, येथे सहा. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते, पण ती टिकली पाहिजे. ती सैल झाली तर सर्वांत आधी पुढे येतील त्या भरपूर निधी असलेल्या संस्था. त्या कोणत्याही धर्माच्या किंवा विचाराच्या असोत, तालुक्यातली लहर त्यांच्या मुख्यालयाची होईल.

स्थानिक आवाजाचा भक्तिसंगीताशी काय संबंध?

त्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्याच इतिहासात सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये याच जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी ख्रिस्ती मंडळ्या तेव्हा इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते गात. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हे मराठी माणसाच्या कानाला ओळखीचे प्रकार उपासनेत आणले. त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते. धर्म बाहेरून आला, पण गाणे येथल्या मातीतले झाले, म्हणून ते टिकले. एकाच स्टुडिओतून सर्व गावांना एकच गाणे पुरवण्याच्या नेमकी उलट अशी ही वाट आहे.

गुहागरला हीच गोष्ट नमन-खेळे, जाखडी आणि शक्ती-तुऱ्याबाबत लागू पडते. शिमगा आणि गणपतीत वाडीवाडीत होणारी ही गाणी दूरच्या वाहिनीला परवडणारी नाहीत. तालुक्यातल्या केंद्राला मात्र ती सहज मिळतील.

गुहागरला १०० वॅट पुरतील का?

उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये जांभ्याचे सडे, असा हा तालुका आहे. एफएम लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सड्यावर मनोरा उभारला तर किनारपट्टी चांगली व्यापेल, पण डोंगराच्या घडीतल्या वाड्या सुटतील. १०० वॅटचे केंद्र सपाटीवर साधारण दहा ते पंधरा किलोमीटर ऐकू येते. एका केंद्रात पूर्ण तालुका बसणार नाही. म्हणून सहा जिल्ह्यांत सहा केंद्रे देण्यापेक्षा एकाच केंद्राला आपल्याच तालुक्यातील सावलीच्या भागांसाठी छोटे पुनःप्रक्षेपक देण्याची मुभा कोकणाला जास्त उपयोगी आहे. अमेरिकेच्या अनुभवातले तंत्र घ्यायचे ते येथे. विस्तार गावाबाहेर नेण्याऐवजी तो गावातल्या गावात पुरा करायचा.

वादळाचा प्रश्न याहून तातडीचा आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडसह उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौते’ आले आणि २२ जुलैला शेजारचे चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ संच कामाचा ठरतो, अट इतकीच की त्यावर गावाची माहिती असली पाहिजे. रस्ता कुठे बंद, टँकर कुठे, वेलदूर-पालशेतच्या मच्छीमारांनी बोटी कधी ओढायच्या, हे दिल्ली-मुंबईहून सांगता येत नाही. मोबाइलमधील एफएमची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांना केली होती. तिचा पाठपुरावा व्हायला हवा.

पैसा कोठून येणार?

सामुदायिक केंद्राला आता तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. सगळी १२ मिनिटे भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात. हा हिशेब कागदावरचा आहे, कारण रोज इतक्या जाहिराती येत नाहीत. प्रकल्पाचा निधी संपला की कर्मचारी जातात आणि केंद्र ध्वनिमुद्रित गाण्यांवर येते.

येथे ‘के-लव्ह’चा हिशेब डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. देणगीदार थोडे आणि मोठे नसून पुष्कळ आणि लहान आहेत. कोकणाला ही पद्धत नवी नाही. मुंबईतल्या चाळीत भरणाऱ्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून गावची देवळे, शाळा, पाखाड्या उभ्या केल्या. एका तालुक्यातल्या हजार चाकरमानी कुटुंबांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला सहा लाख रुपये जमतात. दोन-तीन स्थानिक तरुणांचे मानधन आणि वीजबिल त्यात निघू शकते. कार्यक्रम इंटरनेटवरही सोडले तर नालासोपाऱ्यातला चाकरमानीही श्रोता होईल आणि मग वर्गणी मागण्याचा हक्कही येईल.

यात एक धोका आहे. वर्गणी देणारा हुकूम चालवू लागतो. एखादे देवस्थान, पक्ष किंवा कंत्राटदार मोठा देणगीदार झाला तर केंद्र त्याचे होते. त्यासाठी एका देणगीदाराच्या रकमेला मर्यादा, दर सहा महिन्यांनी जमाखर्च केंद्रावरूनच वाचून दाखवणे आणि कार्यक्रम समितीत सर्व वस्त्यांचे, सर्व धर्मांचे प्रतिनिधी, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून हवेत.

सरकारने काय करावे?

सामुदायिक केंद्रांना बातम्यांसाठी आकाशवाणीच्या बातमीपत्रावरच अवलंबून राहावे लागते. राजकीय वार्तांकनावरची सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण ग्रामसभेचा निर्णय किंवा एसटीचा बदललेला मार्ग सांगण्याआधी निवेदकाला नियमावली चाळावी लागू नये. आपत्तीच्या काळात तहसीलदार कार्यालयातून थेट सूचना देण्याची व्यवस्था आणि केंद्राला सौर बॅटरीसाठी मदत, या दोन गोष्टी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात बसू शकतात.

अमेरिकेतल्या त्या जाळ्याने एक गोष्ट सिद्ध केली आहे. ऐकणाऱ्याला आवाज आपला वाटला तर तो त्यासाठी पैसे मोजतो. तेथे तो आवाज भक्तीमुळे आपला वाटतो. गुहागरमध्ये तो शेजारामुळे वाटू शकतो, जर वादळाच्या रात्री बोलणारा निवेदक याच तालुक्यातला असेल.